रोजाने की उक्त्याने?

शेतमजुरीत बाईला कशात जास्त परवडतं: दिवसाच्या हजेरीवरच्या रोजात, की कामाच्या मापावर पैसे मिळणाऱ्या उक्त्यात?

रोजंदारीत भावच मुळी दोन: गड्याची हजेरी आणि बाईची हजेरी. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, पण बांधावर तो कोण वाचतो? फवारणीला गडी, खुरपणीला बाया. काम वेगळं म्हणून दाम वेगळा, ही सबब तयारच असते. दिवसभर वाकून खुरपं चालवणं 'हलकं' म्हणणाऱ्याने एकदा उन्हात पात धरून बघावी. दिवस कलला की सुट्टी, एवढं मात्र सुख.

उक्त्यात, जसं कापूस वेचणीत, काटा बाई-गडी बघत नाही. किलोमागे दर एकच, हात चपळ असेल तर बाई गड्याला मागे टाकते.

पण हाच उक्ता ऊसतोडीत शिरला की चित्र पालटतं. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक नवराच घेतो, ती फेडायची दोघांनी. हिशोब टनावर. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, शिवाय पहाटेची चूल तिचीच. आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली, त्यामागे या खाड्याचीही भीती होती.

माझा कौल वेचणीला, काटा खरा असेल तर. कोयत्यापेक्षा मात्र कमी हजेरीचा रोजसुद्धा बरा. निदान पैसे तिच्या हातावर पडतात.