सेमिस्टर की ‘नाले’: मुलांपाशी कोण राहतं ते आधी विचारा

आमच्या घरात दोन्ही झालं. थोरली 2018 साली अकरावीत असताना चार महिन्यांच्या सेमिस्टरला इस्रायलला गेली. धाकटा 2019 च्या सप्टेंबरात ‘नाले’तून, म्हणजे ज्यू मुलांना आईवडिलांशिवाय तिथे राहून शाळा पुरी करू देणाऱ्या कार्यक्रमातून गेला आणि तीन वर्षांनी तिथूनच बारावी होऊन बाहेर पडला. आम्ही मूळचे ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आता न्यू जर्सीत, बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला. त्यामुळे आपल्यातलं कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, ‘पोराला कुठे पाठवू?’ फी, वयाची अट, तिकडचे मार्क इकडच्या शाळेत धरतात की नाही, हे तुम्ही एव्हाना पाहिलंच असेल. मी तिथल्या माणसांबद्दल सांगतो. आमच्या बाबतीत फरक तिथे पडला.

सेमिस्टरची खरी दौलत म्हणजे त्यांचा शिक्षक. इस्रायलमधल्या होद हाशारोनची अलेक्झांडर मस शाळा 1972 पासून चालू आहे आणि त्या धर्तीचे आणखीही कार्यक्रम आहेत. पद्धत साधारण एकच: इतिहास आज वर्गात शिकायचा आणि उद्या त्याच जागेवर जाऊन उभं राहायचं. मसादा हा डोंगरी किल्ला, तिथे रोमनांच्या हाती लागण्यापेक्षा ज्यू बंडखोरांनी मरण पत्करलं असं सांगतात. थोरलीच्या शिक्षकाने त्याच्या माथ्यावर मुलांना उन्हात बसवलं, जुना इतिहासकार जोसेफसने लिहिलेलं त्यांचा पुढारी एलाझार याचं भाषण त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि मग विचारलं, 960 माणसं मेली असं हा लिहितो, तुम्ही त्यांच्या जागी असता तर? पोरं तासभर भांडली. धाकट्याला तीन वर्षांत असा एकही शिक्षक मिळाला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याचे शिक्षक चांगले होते, पण त्यांचं सगळं लक्ष बग्रुतच्या, म्हणजे तिकडच्या शालान्त परीक्षेवर. गणित चार युनिटचं घ्यायचं की त्याहून अवघड पाच युनिटचं, यावरच आमची निम्मी बोलणी व्हायची.

आता ज्यामुळे माझं मन फिरलं ते सांगतो. त्याच मसादाच्या चढणीवर, पहाटे ‘सापवाट’ नावाच्या नागमोडी पायवाटेने जाताना, थोरलीला दम लागला आणि तिचा दम्याचा पंप खाली बसमध्ये बॅगेत राहिलेला. एका मैत्रिणीकडे तोच पंप होता म्हणून निभावलं. पंप हाताशी ठेवायला सांगायचं काम मद्रिखाचं, म्हणजे वसतिगृहात मुलींबरोबर राहणाऱ्या ताईचं. ती ताई त्याच आठवड्यात नवी आलेली. चार महिन्यांत तिघी बदलल्या. दम्याचा कागद ऑफिसात होता, पण ऑफिस काही डोंगर चढत नाही.

संध्याकाळी लेक फोनवर चाळीस मिनिटं एलाझारबद्दलच बोलत होती. पंपाचं शेवटच्या दोन मिनिटांत आलं. मी लगेच वसतिगृहात फोन लावला. नवी ताई अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘तिच्याबद्दल मला थोडं सांगता का?’ तिसऱ्यांदा मी ‘तिला लहानपणापासून दमा आहे’ इथून सुरुवात केली आणि तिथेच माझा धीर सुटला. त्या मुलींना मी बोल लावत नाही. बाविशीच्या, नुकत्याच सैन्यातून सुटलेल्या, रात्र रात्र पोरींच्या उशाशी बसणाऱ्या. पण त्यांची नेमणूकच हंगामापुरती असते. आमच्या वाट्याला आलं ते सगळ्यांच्या वाट्याला येईलच असं नाही. त्या कार्यक्रमाचं नावही म्हणूनच लिहीत नाही.

‘नाले’ हे ‘आईवडिलांच्या आधी येणारे तरुण’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. 1992 साली जुन्या सोव्हिएत प्रदेशातल्या मुलांसाठी ते सुरू झालं. खर्च सरकार उचलतं. मद्रिख इथेही तरुणच आणि इथेही बदलतात. पण त्यांच्या वर एक ‘एम बायित’ असते. शब्दशः घराची आई. धाकट्याच्या वसतिगृहातली बाई पन्नाशीची, मोरोक्कन घरातली, तो गेला तेव्हा तिथे होती आणि बाहेर पडला तेव्हाही होती. कपडे, चादरी, औषधं, कोण जेवलं नाही, सगळं तिच्याकडे.

पहिल्या नोव्हेंबरात तिने बहिणीला फोन केला. म्हणाली, ‘चार दिवस झाले, तुमच्या मुलाने धुवायला काहीच टाकलं नाही.’ आम्हाला तर तो रोज ‘ठीक आहे’ म्हणून सांगत होता. बहीण शुक्रवारी जाऊन त्याला अश्दोदला घेऊन आली. दोन दिवस तो झोपला, रडला, भरपूर जेवला आणि परत गेला. हिब्रू डोक्यावरून जातं हे तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडून आलं. हे त्या बाईने कपड्यांच्या टोपलीवरून ओळखलं होतं.

2020 मध्ये रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, ज्या दिवशी संध्याकाळी सुरू होणार त्याच दिवशी कोरोनाची टाळेबंदी लागली आणि त्याला आत्याकडे जाता येईना. या बाईने बहिणीला फोनवर विचारून आपल्याकडे या सणाला करतात तो चिकाचा हलवा घातला. गव्हाचा चीक मिळेना म्हणून कॉर्नफ्लोअर घेतलं, नारळाचं दूध डब्यातलं. वड्या पडल्याच नाहीत, पोरांनी चमच्याने खाल्ला. त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर अजून आहे.

अडचणी आहेतच. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक बोलण्यात बहीण दुभाषी. अश्दोदला कुणी नसतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही. सुट्ट्यांसाठी यजमान कुटुंब देतात, पण ते कसं जुळेल हे नशिबावर. पहिलं वर्ष भाषेतच जातं. आणि मुलाने तिथेच राहावं हा ‘नाले’चा हेतू उघड आहे. आमचा राहिला, सैन्यात गेला. बायकोला ते अजून जड जातं. ती आज निवडायला बसली तर कदाचित माझ्याशी सहमत होणार नाही.

मुलाला नुसता देश बघायचा असेल, इकडची शाळा सोडायची नसेल, तर सेमिस्टर घ्या. तो शिक्षक तेवढ्या मोलाचा आहे. पण घरापासून लांब राहिलेलं मूल गप्प होणारं असेल, तर मी ‘नाले’कडे झुकेन. दोन्हीकडे प्रवेशाच्या ऑफिसवर थांबू नका. वसतिगृहातल्या माणसाशी बोला आणि विचारा, तुम्ही इथे किती वर्षं आहात, आणि शेवटच्या आठवड्यात इथे तुम्हीच असाल का. दमा असेल तर पंप दोन द्या, एक मुलाच्या खिशात आणि एक थेट शिक्षकाच्या हातात.