जोतिबाच्या चढावर ट्रायल: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या डिझेल मिस्त्रींकडे केलेल्या कामाचा अनुभव

आमचा मंडप आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 2013 साली घेतलेली स्कॉर्पिओ गेटअवे, मागं ट्रॉलीवर 62.5 केव्हीएचा सायलेंट जनरेटर. जनरेटरचं ट्रॉलीसकट वजन काट्यावर 1,860 किलो भरलं. गाडीत 2179 सीसीचं एमहॉक इंजिन, कागदावर 120 बीएचपी आणि 290 न्यूटन मीटर टॉर्क. दहा वर्षं हीच गाडी हीच ट्रॉली ओढत होती, पण गेल्या दोन मोसमांत तिला दम लागायला लागला.

मे महिन्यात रत्नागिरीकडचं एक लग्न उरकून परत येत होतो. साखरप्यातून आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जाईना. वेग वीसच्या आसपास, मागं काळा धूर आणि तापमानाचा काटा लाल पट्टीच्या जवळ. दोनदा बाजूला घेऊन बोनेट उघडावं लागलं. दुसऱ्या वेळी वळणावरच थांबलो होतो, मागं एसटी आणि तिच्या मागं गाड्यांची रांग. त्या दहा मिनिटांत ठरवलं, एक तर गाडी विकायची नाहीतर नीट करायची. वडिलांची गाडी, त्यामुळं विकायचा विचार घरी बोललोच नाही.

आधी चूक केली ती सांगतो. ऑनलाइन मागवून रेल सेन्सरला (रेल म्हणजे इंजेक्टरसाठी दाबाखालचं डिझेल साठवणारा पाइप) जोडायचा एक डबा बसवला. मोकळ्या गाडीला दोन दिवस बरं वाटलं. ट्रॉली जोडल्यावर धूर दुप्पट झाला आणि तवंदी घाटात इंजिनाचा दिवा लागून गाडीनं ताकदच सोडली. असला डबा इंजिनाला जादा डिझेल ढकलतो. ते जाळायला पुरेशी हवा आहे का, हे तो बघत नाही. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि आत उष्णता वाढते.

मग एका ओळखीच्या ट्रकमालकानं उद्यमनगरातल्या या मिस्त्रींचं नाव सांगितलं. पुढं लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगची दुकानं आणि आत पत्र्याच्या शेडमध्ये यांची डिझेल पंप आणि इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) टेस्ट बेंच. मी जाताच म्हणालो, "मिस्त्री, रिमॅप करून ताकद वाढवून द्या." रिमॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली डिझेल किती सोडायचं याची फाइल बदलणं. त्यांनी डबा काढून माझ्या हातात दिला. "पावणं, ताकद कमी पडलेली न्हाई. हाय ती गळायलीया. आधी गळती बघू, मग वाढवायचं बघू."

त्यांची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार सारख्या पारदर्शक बाटल्या लावल्या आणि इंजिन चालू केलं. इंजेक्टर चांगला असेल तर परत येणारं डिझेल थोडं असतं आणि चारही बाटल्यांत जवळपास सारखं चढतं. आमच्या तिसऱ्या बाटलीत बाकीच्यांच्या तिप्पट डिझेल भरलं, पहिलीतही जास्तच. म्हणजे पंप जो दाब तयार करतोय तो इथंच निसटतोय, आणि चढावर पूर्ण दाबाची गरज असताना रेलमध्ये तो टिकत नाही. इतकी साधी चाचणी, पण आधीच्या दोन गॅरेजांत कुणी केली नव्हती. एकानं तर सरळ पंप बदलायला सांगितला होता.

दुसरी गळती हवेची. टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पच्या आत चीर होती. उभ्या गाडीत ती दिसत नव्हती. पाइपात हवेचा दाब भरून साबणाचं पाणी मारल्यावर फेस आला. तिसरं दुखणं टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणाऱ्या पंख्याचं. या इंजिनाच्या टर्बोत हलणाऱ्या पात्या असतात. इंजिन सावकाश फिरत असताना त्या जवळ येतात, एक्झॉस्टची वाट अरुंद होते, वायूचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर हवा भरतो. काजळीनं त्या अर्ध्यावर अडकल्या होत्या. म्हणूनच चढावर 1,800 आरपीएमच्या आसपास, नेमका जिथं जोर लागतो तिथं, गाडी मेल्यासारखी व्हायची. वजन ओढणाऱ्या माणसानं बीएचपीपेक्षा याच भागाकडं लक्ष द्यावं असं मला आता ठाम वाटतं. 3,800 आरपीएमवर मिळणारी ताकद घाटात ट्रॉली मागं असताना कुणाच्या कामाची?

दोन इंजेक्टरना नवे नोझल आणि व्हॉल्व्ह बसले, बाकीचे दोन साफ करून बेंचवर जुळवले. टर्बो उघडून साफ केला. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) आणि मॅनिफोल्डमधून निघालेली काजळी वाटीभर होती. ईजीआर बंदच करून टाका, असं मी सुचवलं. मिस्त्रींनी साफ नकार दिला आणि स्वच्छ करून परत बसवला. रेडिएटरची जाळी नवी, पंख्याचा सिलिकॉन क्लच नवा, कारण जुना गरम झाल्यावरही पंख्याला पूर्ण पकडत नव्हता. क्लच प्लेटही बदलली, जादा पकडीच्या प्रेशर प्लेटसकट.

एवढं झाल्यावर, रिमॅपच्या आधीच, आम्ही ट्रायलला निघालो. ट्रॉली जोडून केर्लीवरून जोतिबाचा डोंगर. रविवार टाळून बुधवारी सकाळी गेलो, रविवार देवाचा वार, त्या गर्दीत ट्रॉली घेऊन जायचं नसतं. वर पोचेपर्यंत काटा मधल्या खुणेच्या पुढं सरकला नाही. मी तिथंच म्हणालो, मिस्त्री, एवढं बास. तेव्हा त्यांनीच थोडा रिमॅप सुचवला, पण आधी एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर लावायची अट घातली. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये छोटं भोक पाडून त्यात प्रोब बसवला, आकडा डॅशबोर्डवर दिसतो. पाण्याचा काटा उशिरा सांगतो, एक्झॉस्टचा आकडा दोन सेकंदांत सांगतो. पिस्टन अॅल्युमिनियमचे असतात. लांब चढावर आकडा 700 अंशांच्या वर राहिला तर ते खराब व्हायला लागतात. मिस्त्रींनी मला 650 ची मर्यादा घालून दिली: त्यापुढं गेला की पाय उचलायचा, गिअर खाली घ्यायचा.

रिमॅपही त्यांनी जपून केला. 1,700 च्या खाली डिझेल अजिबात वाढवलं नाही, तिथं टर्बो पुरेशी हवा देत नाही आणि क्लच, गिअरबॉक्सला धक्का बसतो. वाढ केली ती 1,900 ते 2,800 च्या पट्ट्यात, ज्यात आम्ही घाटात असतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मला दिली, हे मला फार आवडलं. कायद्याचंही त्यांनी आधीच सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं आहे. त्यामुळं मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि कंपनीनं हरकत घेतली तर मूळ फाइल परत टाकायची हे ठरवून ठेवलं. रिमॅप करणाऱ्यानं हा विचार आधी करावा. आमच्या फरकातला मोठा वाटा रिमॅपच्या आधीच मिळाला होता.

पीयूसीला धुराचा आकडा 1.1 आला. बीएस-4 डिझेलला मर्यादा 1.62 आहे, त्याआधीच्या गाड्यांना 2.45.

खरी परीक्षा सप्टेंबरात झाली. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला आलो, तीच ट्रॉली, वर पाऊस. बहुतेक घाट तिसऱ्या गिअरमध्ये, वेग पस्तीसच्या आसपास, एक्झॉस्टचा सर्वांत वरचा आकडा 620. एकदाही थांबलो नाही. वर येऊन चहा घेताना भाऊ म्हणाला, अण्णा असते तर खूश झाले असते. ट्रॉलीसह मायलेज लिटरला साडेसहावरून पावणेआठवर आलं, पाच टाक्या मोजून सांगतोय.

खर्च सगळा मिळून 82,500 रुपये. त्यात इंजेक्टरचे 18,000, क्लचचे 14,500, रिमॅपचे 18,000 आणि मीटरचे 6,800 ठळक, बाकी टर्बो, रेडिएटर, पाइप आणि मजुरी. काम बघता मला हे पैसे रास्त वाटतात.

नाराजीही सांगतो. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लागले. नोझल वेळेत आले नाहीत हे खरं, पण फोन करून ते सांगायला हवं होतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मला दुसऱ्याची पिकअप भाड्यानं घ्यावी लागली आणि एक मंडळ हातचं गेलं. पक्कं बिलही दोनदा मागितल्यावर मिळालं. उद्यमनगरात इतकं नेमकं काम करणाऱ्या माणसाला एवढी शिस्त अवघड नाही, आणि ती आली तर त्यांच्याकडं कामाला तोटा राहणार नाही.

अजून एक गोष्ट. गाडी इतकी छान ओढते म्हणून मी 82.5 केव्हीएचा जनरेटर घ्यायचा विचार बोलून दाखवला. मिस्त्री तडक उठून ट्रॉलीपाशी गेले आणि हुकाच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "इंजिन सुधारलंय. ब्रेक, चासी अन् ही पट्टी हाय तीच हाय. चढवशीला, उतरवणार कसं?" मी तो विषय सोडला आणि ट्रॉलीच्या ब्रेकचं काम तिथंच करून घेतलं.

दिवाळीनंतर भावाची जुनी बोलेरो पिकअप त्यांच्याकडं न्यायची आहे. मोसम संपल्यावर, म्हणजे एकोणीस दिवस लागले तरी चालतील. पहिल्यांदा बाटल्यांची चाचणीच करायला सांगणार आहे.