परळचा घरगुती डबा, चार महिने खाऊन मग लिहितोय

बायकोची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे परळला टाटामध्ये, दर 21 दिवसांनी केमो, म्हणून साताऱ्याहून येऊन जवळच रूम घेतलीय आणि लेक गावी आजीकडे, तिची शाळा बुडायला नको. रूमवर गॅस लावू देत नाहीत मग मावशींचा हा डबा लावला.

केमो झाली की चार-पाच दिवस हिला फोडणीचा नुसता वास आला तरी मळमळतं, तोंडात फोड, पाणी पण लोखंडासारखं लागतं म्हणते. मावशींना एकदाच सांगितलं, तेव्हापासून हिच्या डब्यावर स्केचपेनने "बि.ति." लिहून येतं, म्हणजे बिनतिखट. आत मऊ मुगाची खिचडी नाहीतर दुधी. पांढऱ्या पेशी कमी झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले कच्चं काही देऊ नका, तर काकडीच्या कोशिंबिरीच्या जागी उकडलेलं बीट यायला लागलं, मी न आठवण करता!

आता रडगाणं. संध्याकाळच्या पोळ्या वातड असतात, माझ्या तर अक्षरशः चामडं. एकचा डबा पावणेदोनला येतो आणि पोऱ्या फोन उचलत नाही, केमोच्या दिवशी हे फार जड जातं हो. रात्री लेक व्हिडिओ कॉलवर "आईने किती खाल्लं, डबा दाखव" म्हणते, रिकामा दिसला की मगच झोपते.

रविवारी संध्याकाळी बंद. स्टीलचा डबा धुऊनच परत द्या, नाहीतर मावशी ऐकवतात.