ईओएस एम, मॅजिक लँटर्न आणि वॉरंटीचा वाद: काही महिन्यांच्या वापरानंतर

'अनधिकृत सॉफ्टवेअर आढळले, वॉरंटी लागू नाही.' जॉबशीटवर एवढी एकच ओळ होती. आणि बिघाड काय, तर एचडीएमआयचं सॉकेट सैल झालेलं. केबलला बोट लागलं तरी मॉनिटर काळा व्हायचा. कॅमेरा नवा, मिररलेस, वॉरंटीतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. सलग रेकॉर्डिंगची २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा मी एका छोट्या सॉफ्टवेअरने काढली होती, तेवढाच बदल. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, सिस्टीममध्ये मॉडिफाइड दाखवतंय, आमच्या हातात काही नाही." मी म्हटलं, "सॉफ्टवेअरमुळे सोल्डरिंग कसं सुटतं, तेवढं मला लिहून द्या." लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं.

त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण या भांडणामुळे एक राहून गेलेलं काम हातात घेतलं. माझं बहुतेक काम ज्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर चालतं, त्या जुन्या कॅनन ईओएस एमबद्दल आणि त्यातल्या मॅजिक लँटर्नबद्दल, म्हणजे कॅनन कॅमेऱ्यांना जास्तीच्या सोयी देणाऱ्या खुल्या, अनधिकृत सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं होतं. कमी पैशांत सिनेमासारखं चित्र हवं असलेले बरेच जण याच वाटेवर येऊन थांबतात आणि 'हे कायदेशीर आहे का?' असं विचारतात. स्पेक्स सगळ्यांना पाठ असतील, ते पुन्हा देत नाही. २०१२ ची बॉडी आहे, सेकंडहँड घेतली, आणि घेताना डोक्यात एकच हिशोब होता: बॉडीवरचा पैसा वाचला तर तो लेन्स आणि आवाजावर घालता येईल.

आधी चांगलं. खिडकीला पाठ करून बसलेल्या एका वयस्कर बाईंची मुलाखत मी एकाच बैठकीत दोन्ही प्रकारे घेतली: कॅमेऱ्याच्या मूळ संकुचित एच.२६४ मध्ये आणि मॅजिक लँटर्नच्या रॉमध्ये, म्हणजे सेन्सरकडून आलेली माहिती जवळजवळ तशीच ठेवून. मूळ एच.२६४ मध्ये मागचा पडदा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आणि डोळ्यांखालच्या सावलीत चौकोनी ठिगळं. रॉमध्ये हायलाइट खाली ओढल्यावर पडद्याची वीण दिसायला लागली, उभे-आडवे धागे वेगळे दिसले, आणि सावलीतल्या सुरकुत्या सुरकुत्यांसारख्याच राहिल्या. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटमध्ये १६,३८४. हे आकडे मला आधीही माहीत होते, पण पडदा बघितल्यावर पटले. सेन्सर तोच, लेन्स तीच. ही माहिती सेन्सरकडे पहिल्यापासून होती, मूळ फर्मवेअर (कॅमेरा चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) ती दाबून टाकत होतं, एवढाच फरक.

बॉडी स्वस्त पडली तरी डिस्क स्वस्त पडत नाही. १०८० पी, २४ फ्रेम, १४ बिट, विनासंकुचित रॉ म्हणजे सेकंदाला साधारण ८७ एमबी, मिनिटाला पाच जीबीच्या वर. ईओएस एमचं कार्ड सर्किट एवढं झेपवत नाही. ते सेकंदाला ४० एमबीच्या आसपास लिहितं. म्हणून रिझोल्यूशन किंवा बिट कमी करा, लॉसलेस (माहिती न गमावणारं) कॉम्प्रेशन लावा, नाहीतर कार्डचं सर्किट ओव्हरक्लॉक करा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा. ओव्हरक्लॉक चालतं, पण ज्या शूटचे पैसे घेतलेत त्यात मी ते लावत नाही. आणि सर्वांत महागडं कार्ड घेऊ नका, अडचण कॅमेऱ्यात आहे, कार्डात नाही. ४० एमबीच्या वेगानेही ताशी १४४ जीबी होतात. दोन प्रती ठेवल्या की तीनशेच्या जवळ.

आता मला छळणारी गोष्ट: प्रिव्ह्यू. जास्त रिझोल्यूशनच्या क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा मधला भागच वापरणाऱ्या) स्क्रीनवर जे दिसतं ते रेकॉर्ड होणारं चित्र नसतं. कधी फ्रेमचा मधला तुकडाच मोठा होऊन दिसतो, कधी पूर्ण फ्रेम दिसते पण काळी-पांढरी आणि अडखळत. माणूस बोलता बोलता पुढे झुकला तर कपाळ फ्रेममध्ये आहे की कापलं गेलं हे रेकॉर्डिंग चालू असताना कळत नाही. लोक या कॅमेऱ्याच्या मॉइरेबद्दल (बारीक रेघांवर उठणाऱ्या खोट्या नक्षीबद्दल) लिहितात, बॅटरीबद्दल लिहितात, सेन्सरवरच्या फोकससाठीच्या पिक्सेलमुळे रॉ चित्रात उठणाऱ्या ठिपक्यांबद्दल लिहितात. ते ठिपके एमएलव्ही अ‍ॅप या रॉ फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निघून जातात, बॅटरी दुसरी घेता येते, मॉइरे टाळायची तर रेघांचे कपडे टाळता येतात. पण छायाचित्रकाराला फ्रेम दिसत नसेल तर त्याने काय करायचं? पहिले काही आठवडे माझं ठाम मत होतं की हा कॅमेरा कुणालाही सुचवू नये, चित्र कितीही देखणं असो.

ते मत आता तेवढं ठाम नाही. एक तर, सेन्सरची पूर्ण रुंदी वापरणाऱ्या साध्या मोडमध्ये प्रिव्ह्यू रंगीत आणि चालता असतो. हलता शॉट तिथे, ट्रायपॉडवरचा स्थिर शॉट क्रॉपमध्ये, अशी विभागणी केल्यावर त्रास निम्म्याने कमी झाला. दुसरं, मॅजिक लँटर्नच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये काही क्रॉप मोडनाही बरोबर फ्रेम दिसायला लागली. हे काम फुकट करणारे लोक आहेत, आणि कंपनीने सोडून दिलेल्या कॅमेऱ्यात ते एवढ्या वर्षांनी सुधारणा करतात, याचं मला खरोखर अप्रूप आहे. तरीही चालत्या माणसामागे धावायचं असेल तर हा कॅमेरा घेऊ नका, हे माझं मत कायम आहे.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कार्डाचं झाकण उघडल्यावर लगेच कार्ड ओढायचं नाही. दिव्याची खूण होईपर्यंत किंवा पाच सेकंद थांबायचं, कॅमेरा बंद दिसत असला तरी. मॅजिक लँटर्नच्याच सूचनांत हे लिहिलंय. न थांबल्यास कॅमेरा अडकू शकतो आणि बॅटरी तापत राहते.

आता कायद्याकडे. इथे 'मॉडिफाइड फर्मवेअर' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो, आणि घोळ तिथेच होतो.

मॅजिक लँटर्न मुळात कॅननचं फर्मवेअर बदलून टाकत नाही. २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी कॅननच्याच फाइव्ह डी मार्क टू कॅमेऱ्यासाठी ते सुरू केलं, तेव्हा हवं होतं ते आवाजाच्या पातळीवर हाताने नियंत्रण आणि झेब्रासारखी (जास्त उजळ भागांवर पट्टे दाखवणारी) साधनं. रॉ व्हिडिओ २०१३ मध्ये आला. कॅमेऱ्यात एक बूट फ्लॅग, म्हणजे आत राहणारी एक खूण, लावला जातो, त्यामुळे चालू होताना कॅमेरा कार्डावर ऑटोएक्झेक नावाची फाइल शोधतो आणि ती कंपनीच्या फर्मवेअरसोबत मेमरीत चालते. कार्ड काढा, दुसरं साधं कार्ड घाला, कॅमेरा पुन्हा जसाच्या तसा, फक्त तो फ्लॅग आत राहतो. कोड त्यांनी स्वतः लिहिलेला आहे आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. कंपनीच्या प्रोग्रॅमची प्रत इथे कुणी वाटत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फर्मवेअरची फाइलच बदलणं. २०१० मध्ये व्हिताली किसेल्योव्ह यांनी पॅनासॉनिकच्या जीएच१ कॅमेऱ्यासाठी आणि नंतर जीएच२ साठी जे केलं ते या प्रकारातलं. बिटरेट (सेकंदाला नोंदली जाणारी माहिती) कितीतरी पटींनी वाढला आणि अनेकांनी त्यावर स्वतंत्र फिल्म काढल्या. त्यांच्या पीटूल या प्रोग्रॅमची रचना बघा: मूळ फर्मवेअर तुम्ही कंपनीकडून उतरवायचं आणि बदल आपल्याच संगणकावर करायचा. कारण बदललेलं पूर्ण फर्मवेअर दुसऱ्याला वाटलं तर ती कंपनीच्या कॉपीराइट असलेल्या प्रोग्रॅमची प्रत होते. तयार बदललेली फाइल कुणी पाठवली तर घेऊ नका. कायद्याची अडचण आहेच, शिवाय त्यात काय घातलंय हे तुम्हाला कळणार नाही.

तिसरा प्रकार सरळ धोक्याचा. पॅनासॉनिकने २०१५ मध्ये जीएच४ साठी व्ही-लॉग एल (नंतर रंग सुधारायला जास्त वाव देणारं चित्राचं प्रोफाइल) पैसे घेऊन दिलं. म्हणजे सोय कॅमेरा करू शकतो, पण तुम्ही किल्ली विकत घेतल्यावरच ती उघडते. असं कुलूप फोडणं म्हणजे कंपनी जे विकते ते पैसे न देता घेणं. डिजिटल कुलपं तोडण्याविरुद्धचे कायदे सर्वांत जोराने इथे लागतात, आणि माझ्या मते लागावेतही. काटकसर आणि चोरी यांत फरक आहे.

देशागणिक चित्र बदलतं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याचं १२०१ वं कलम कुलूप तोडण्याला बंदी करतं, पण परस्परसुसंगतीसाठी, म्हणजे आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या प्रोग्रॅमसोबत चालावा म्हणून, केलेल्या उलट-अभियांत्रिकीला (तयार प्रोग्रॅम उलगडून तो कसा चालतो ते शोधण्याला) त्यातच सूट आहे. शिवाय दर तीन वर्षांनी नव्या सवलती ठरतात. २०२१ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उपकरणांना निदान, देखभाल आणि दुरुस्तीसाठी सवलत मिळाली. शब्द नीट वाचा: दुरुस्ती. नवी सोय घालणं त्यात येत नाही. युरोपात २००९ चा सॉफ्टवेअर निर्देश सुसंगतीसाठी प्रोग्रॅम डिकंपाइल करू देतो, म्हणजे त्याचा कोड उलगडू देतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी विरुद्ध डेटेल या खटल्यात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की प्रोग्रॅम चालू असताना मेमरीतल्या चलांची मूल्यं बदलणं म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग नव्हे. तो खटला हातातल्या गेम कन्सोलचा होता आणि मॅजिक लँटर्न त्याहून जास्त काही करतं, त्यामुळे निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा मला आशेची वाटते. भारताच्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५-अ कलम कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, मात्र हक्कभंगाचा हेतू असेल तरच.

थोडक्यात, आपल्या मालकीच्या कॅमेऱ्यात आपल्या कामासाठी मॅजिक लँटर्न चालवणाऱ्याला तुरुंगाची भीती घालणारे लोक तीनही प्रकार एकत्र मिसळतात. खरी किंमत मोजावी लागते ती वॉरंटीत.

अधिकृत फर्मवेअर म्हणजे कायमची खात्री, असंही धरून चालू नका. ब्लॅकमॅजिकचा पहिला पॉकेट सिनेमा कॅमेरा २०१३ मध्ये ९९५ डॉलरला आला तेव्हा त्यात फक्त प्रोरेस हे संकुचित फॉरमॅट होतं; रॉ नंतर फर्मवेअरमधून मिळालं. ते उत्तम झालं. पण २०१८ च्या पॉकेट ४के मध्ये सिनेमाडीएनजी हे रॉ फॉरमॅट होतं, आणि २०१९ च्या अपडेटने ब्लॅकमॅजिक रॉ हे कंपनीचं स्वतःचं फॉरमॅट दिलं तेव्हा सिनेमाडीएनजी काढून टाकलं. कॅमेऱ्याच्या आतच संकुचित रॉ लिहिण्याची पेटंट रेड या सिनेमा कॅमेऱ्यांच्या कंपनीकडे आहेत. अ‍ॅपलने २०१९ मध्ये त्यांना आव्हान दिलं, ते टिकलं नाही. रेडने २०२२ मध्ये निकॉनवर दावा लावला, पुढच्या वर्षी तो निकाली निघाला, आणि २०२४ मध्ये निकॉनने रेडच विकत घेतली. स्वस्त कॅमेऱ्यात कोणतं फॉरमॅट मिळेल हे सेन्सरपेक्षा अशा व्यवहारांवर जास्त ठरतं. म्हणून विकत घेताना 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. आज जे चालतं तेवढीच किंमत द्या.

सॉकेटचं काय झालं? मी काउंटर सोडून लेखी पत्रव्यवहार सुरू केला. केबल हलवताना मॉनिटर बंद होतो त्याचा व्हिडिओ आणि सैल सॉकेटचा जवळून काढलेला फोटो जोडला. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: या सॉफ्टवेअरने हा बिघाड झाला असं तुमचं म्हणणं असेल तर कसा, ते लिहा. अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा याच तत्त्वावर चालतो. नुसता बदल केला म्हणून वॉरंटी उडत नाही, बिघाड त्या बदलामुळे झाला असं दिसावं लागतं. तो कायदा सगळीकडे लागू नाही, पण युक्तिवाद सगळीकडे चालतो. वरच्या अधिकाऱ्यांकडे गेल्यावर त्यांनी दुरुस्ती विनामूल्य मान्य केली. कॅमेरा मूळ फर्मवेअर घालून परत आला, अर्ध्या तासाची मर्यादाही परत आली. ही मर्यादा मुळात युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यावर लागणारं सीमाशुल्क टाळण्यासाठी आली, चित्राच्या दर्जाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे तिचा राग येतो. तरी वॉरंटी संपेपर्यंत त्या बॉडीला मी हात लावणार नाही. प्रयोग जुन्या बॉडीवर, ज्यावर कुणाची वॉरंटी उरलेली नाही.

सेकंडहँड ईओएस एम घेणार असाल तर विकणाऱ्याला बूट फ्लॅगबद्दल विचारा. फ्लॅग लागलेल्या कॅमेऱ्यात बूटेबल खूण (कॅमेऱ्याला या कार्डावरून चालू व्हायला सांगणारी नोंद) राहिलेलं पण ऑटोएक्झेक फाइल पुसलेलं कार्ड घातलं की कॅमेरा चालूच होत नाही, आणि असे 'मेलेले' कॅमेरे लोक पडत्या भावात विकतात. बॅटरी काढून परत घाला, नीट फॉरमॅट केलेलं दुसरं कार्ड टाका, आणि मगच किंमत बोला.