रायझन ५ ५६००जी घेतलाय? आधी बायोस उघडा
वेगळं ग्राफिक कार्ड परवडत नव्हतं म्हणून आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी प्रोसेसर घेतला, आणि पहिला आठवडा नुसता वैताग, व्हॅलोरंट गेममध्ये कोपऱ्यावरनं वळलं की चित्र अडकायचं. टास्क मॅनेजर उघडला तर ३२०० स्पीडची रॅम चालतेय २४०० वर! असेंबल करणाऱ्याने एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला नेणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं, वर दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी, म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला दोनऐवजी एकच वाट. यातल्या व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते ना, ते रॅमवरच जगतं. स्टिक दुसऱ्या-चौथ्या स्लॉटात टाकल्या, पीसी चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी ऑन, यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम) ऑटोवरून २ जीबी. आता लो सेटिंगला मस्त पळतंय. ४ जीबी पण करून बघितलं, फरक शून्य, उलट क्रोम रडायला लागलं. सोबत आलेला कूलर मात्र मिक्सरसारखा ओरडतो.