मानिसेसची तांबूस लस्टर थाळी: घेण्याआधी उलटी करून पाहा

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेस गावची जुनी लस्टर थाळी, म्हणजे झिलईवर धातूसारखी चकाकणारी नक्षी असलेली मातीची थाळी, घ्यायची असेल, तर सतराव्या-अठराव्या शतकातली तांबूस थाळी घ्यावी, असं आमचं मत. पंधराव्या शतकातल्या थाळ्या जास्त देखण्या, हे खरंच. निळा कोबाल्ट, फिकी सोनेरी पानं, अरबी अक्षरांसारखी नक्षी आणि मधोमध इटालियन घराण्याचं कुलचिन्ह. पण त्या शैलीच्या नकला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरपूर झाल्या, आणि पहिल्याच खरेदीत त्या ओळखणं अवघड जातं.

तांबूस थाळीवर बहुधा पक्षी आणि कार्नेशनची फुलं असतात. 1609 मध्ये मोरिस्को (ख्रिस्ती करून घेतलेले स्पेनमधले मुसलमान आणि त्यांचे वंशज) लोकांना हाकलायला सुरुवात झाली, तरी कुठेच मोकळी जागा न सोडणारी त्यांची भरगच्च नक्षी टिकली. लेपात चांदी कमी आणि तांबं जास्त, म्हणून हा रंग. शिसं-कथलाची पांढरी झिलई भाजून झाली की गंधक, गेरू आणि धातू व्हिनेगरमध्ये कालवून नक्षी काढत. शेवटची भाजणी साधारण 600 ते 650 अंशांवर, हवा कोंडून, धुरात. ताप कमी पडला तर नक्षी पुसून जाते. जास्त झाला तर झिलई मऊ पडून रंग मळकट होतो. त्यामुळे एक बाजू लखलखीत आणि दुसरी विटकरी असेल तर नाक मुरडू नका. सगळीकडे एकसारखी चकाकी दिसली तर मात्र जपून.

खिडकीशी थाळी तिरपी धरा: जांभळट-निळी झाक सरकत गेली पाहिजे. सोनेरी रंगाने केलेली डागडुजी जागची हलत नाही. अतिनील टॉर्चखाली ती बहुधा वेगळी उजळते. मग थाळी उलटी करा. टांगण्यासाठी काठाजवळ भोकं असतील तर त्यांच्या आतल्या बाजूलाही झिलई हवी. कोरी माती दिसली तर भोक नंतर पाडलेलं आहे. बोटाने टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला तर तडा शोधा.

लस्टरचा थर अतिशय पातळ असतो. लिंबू, चिंच, पितांबरी काहीही लावू नका, पाण्यात भिजतही ठेवू नका. किंचित ओलसर मऊ फडकं पुरे. झिलईत शिसं आहे, म्हणून त्यात खायचं वाढू नये, आंबट तर मुळीच नाही.

स्पेनमध्येच खरेदी करत असाल तर 100 वर्षांहून जुन्या वस्तूला देशाबाहेर नेण्याचा परवाना लागतो. तो कोण काढणार, हे पैसे देण्याआधीच दुकानदाराकडून लेखी घ्या.