कूलंटच्या टाकीत तेल दिसले आणि हेड गॅस्केटचे बिल हाती आले

पुण्यातील एका गॅरेजने आमच्या १४ वर्षे जुन्या डिझेल गाडीचे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग म्हणजे ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पत्रा) बदलल्याचे सांगून ५८,००० रुपये घेतले. प्रत्यक्षात इंजिनाचे हेड उतरवलेच नव्हते आणि मूळ बिघाड हेड गॅस्केटमध्ये नव्हताच. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

सुरुवात अशी झाली की इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीतील हिरव्या द्रवावर तपकिरी, सायीसारखा चिकट थर दिसू लागला. गाडी गरम होत नव्हती, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी राहत होता, धुराचा रंग बदललेला नव्हता आणि डिपस्टिकवरचे, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचे, इंजिन ऑइल स्वच्छ होते. गॅरेजमालकाने टाकीचे झाकण उघडून बोट बुडवले, ते मला दाखवले आणि म्हणाला, “साहेब, हेड गेलंय. अशीच चालवलीत तर इंजिन जॅम होईल.” तपासणी म्हणून जे काही झाले ते एवढेच.

त्याचे बोलणे पटण्यासारखे होते, हीच यातली घातक गोष्ट आहे. ब्लॉकमधून हेडकडे जाणारी दाबाच्या तेलाची वाट हेड गॅस्केटमधूनच जाते, त्यामुळे गॅस्केट त्या जागी फुटले तर तेल कूलंटमध्ये खरोखर उतरते. पण अनेक डिझेल गाड्यांमध्ये ऑइल फिल्टरच्या बैठकीला लागून एक ऑइल कूलर असतो. त्यात पातळ पत्र्यांच्या एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याची सील कडक होते किंवा आतला पत्रा झिजून छिद्र पडते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तेल कूलंटमध्ये शिरते, परंतु कूलंट सहसा तेलात येत नाही. टाकीत तेल, डिपस्टिकवर मात्र स्वच्छ ऑइल आणि गाडीचे तापमान ठीक, अशी लक्षणे एकत्र दिसली तर पहिला संशय ऑइल कूलरवर घ्यायला हवा, कारण तो इंजिन न उघडता काढून तपासता येतो.

गॅस्केट सिलिंडर आणि कूलंटच्या वाटेमध्ये फुटले असेल तर चित्र वेगळे असते. गाडी थंड असताना सुरू केल्यावर थोड्याच वेळात इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा रबरी होस पाइप दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होते आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. टाकीच्या तोंडावर निळा द्रव भरलेली नळी धरून आतली हवा त्यातून ओढली, तर जळालेल्या वायूने त्या द्रवाचा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. डिझेल गाडीत ही चाचणी थोडी कमी संवेदनशील ठरते, म्हणून सोबत सिलिंडरचे कॉम्प्रेशनही, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाबही, मोजून घ्यावे. टाकीवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटे काटा स्थिर राहतो का ते पाहायचे, ही दाबाची तपासणी तर कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये होऊ शकते. यांपैकी एकही चाचणी आमच्या गाडीवर झाली नव्हती.

उलट प्रकारची भीतीही घातली जाते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली फिकट पिवळा फेस दिसला की ‘तेलात पाणी आलं’ असे सांगतात. केवळ जवळच्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीत तो फेस बहुतेकदा हवेतल्या ओलाव्याचा असतो. डिपस्टिकवरचे तेलही दुधाळ झाले असेल तरच काळजी करावी. एसी चालू असताना गाडीखाली ठिबकणारे बिनरंगी, बिनवासाचे पाणीही कूलंटची गळती म्हणून दाखवले जाते.

गाडी परत मिळाली तेव्हा टाकीत ताजा हिरवा कूलंट होता आणि बिलावर गॅस्केट, हेड बोल्ट, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग कातून सपाट करणे) व मजुरी अशा नोंदी होत्या. काढलेले जुने गॅस्केट म्हणून एक काळवंडलेला पत्रा मला दाखवण्यात आला. मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. काही आठवड्यांत टाकीत पुन्हा तेल आले. त्यावर “आतलं जुनं तेल अजून निघतंय, महिनाभर निघणारच” असे उत्तर मिळाले. हेही अर्धे खरे आहे. एकदा तेल शिरलेल्या यंत्रणेतून त्याचे अवशेष बराच काळ येत राहतात. फरक ओळखण्याचा मार्ग डिपस्टिक आहे. केवळ अवशेष निघत असतील तर इंजिन ऑइलची पातळी उतरत नाही. आमची पातळी उतरत होती.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर वरचा होस पाइप क्लॅम्पमधून निसटला आणि कूलंट रस्त्यावर सांडला. हा त्या खोट्या दुरुस्तीचा थेट परिणाम होता, कारण कूलंटसाठी वापरले जाणारे रबर तेल सोसत नाही. ते फुगते, मऊ पडते आणि पकड सोडते. इंजिन ताबडतोब बंद केल्याने हेड वाचले. गाडी ओढून साताऱ्यातील एका फिटरकडे नेली.

त्याने आधी ऑइल कूलर काढला. कूलरची कूलंटची बाजू बंद करून तेलाच्या बाजूने हवा भरली आणि तो पाण्यात बुडवला, तेव्हा बुडबुड्यांची सरळ रेघ निघाली. मग मी त्याला आधीचे बिल दाखवले. त्याने टॉर्च लावून हेडची कड दाखवली. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर जुन्या तेलाचा आणि धुळीचा एकच अखंड थर होता. हेड काढताना उघडावे लागणाऱ्या टाइमिंग कव्हरच्या कडेचे कंपनीचे मूळ सीलंट जसेच्या तसे होते. फेसिंग केलेल्या हेडच्या कडेला ताजी, चकचकीत कातलेली रेघ दिसली असती. तिचा मागमूसही नव्हता. शेवटी त्याने माझ्या मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला. त्या गॅस्केटला सिलिंडरची तीन भोके होती. आमचे इंजिन चार सिलिंडरचे आहे.

नवा ऑइल कूलर, सील, सर्व होस पाइप, थर्मोस्टॅट आणि तेल पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा यंत्रणा धुणे, हे सारे मिळून पहिल्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी खर्चात झाले. त्यातले होस पाइप पहिल्याच वेळी योग्य निदान झाले असते तर बहुधा वाचले असते.

म्हणून इंजिन उघडण्याची संमती देण्यापूर्वी कोणती चाचणी केली आणि तिचा निकाल काय आला, हे जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून मागा. हेड उतरवल्यावर, ते गाडीपासून वेगळे असताना, समोर उभे राहून पाहा. नंबर प्लेटसह व्हिडिओ घ्या. फेसिंग बाहेर करवले असेल तर त्या लेथवाल्याची पावती मागा आणि काढलेले सुटे भाग ताब्यात घ्या. प्रामाणिक गॅरेजवाल्याला यात अपमान वाटण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या फिटरने तर स्वतःहून जुना कूलर माझ्या हातात दिला.

पहिल्या गॅरेजला मी लेखी नोटीस पाठवली. ‘निदानात चूक कोणाचीही होते’ असे उत्तर आले. माझी तक्रार निदानाची नाही; न केलेल्या कामाचे पैसे बिलावर लिहून घेतल्याची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी नोंद केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. पक्के बिल, दोन्ही गॅरेजांची जॉबकार्डे, अखंड सांध्याचे फोटो आणि तीन भोकांच्या त्या गॅस्केटचा फोटो जोडून आयोगाकडे द्यायचा अर्ज आता तयार आहे.